मधले अकरा फोटो

आक्का,

तुम्ही गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. तेराव्यापर्यंत घरात माणसांचा राबता होता, त्यामुळं तुमच्याशी बोलायला उसंत मिळाली नाही. आता सगळी आपापल्या गावी गेलीत. आत्याबाई दुपारभर तुमच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून असतात, पण आत पाऊल टाकत नाहीत. शेळ्या दिवस कलला की हौदाच्या वाटेकडं तोंड करून उभ्या राहतात. मी गोठ्याशेजारच्या या खोलीत, तुमच्या कॉम्प्युटरसमोर बसून हे लिहितेय. लिहायचा तो साधा प्रोग्रॅम उघडलाय, दुसरं काही नाही. उघडायच्या आधी मेमरी किती मोकळी आहे ते बघितलं. आता बघते मी.

गावात तुमच्याबद्दल काय बोललं जातंय ते तुमच्या कानावर घालायला हवं. न्हावऱ्याच्या स्टँडवर, दूध डेअरीवर, दहाव्याला आलेल्या पाहुण्यांत, सगळीकडं एकच वाक्य. "भंगाराच्या भरवशावर राहिली आन् जिवानिशी गेली." कुणी कळवळून म्हणतं, कुणी शहाणपण शिकवायला म्हणतं. आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, ते ऐकलं. तुमच्या भावानं ऐकलं. मीही तिथंच बसून ऐकलं, चहाचे कप भरत राहिले, आणि एका शब्दानं कुणाला अडवलं नाही.

ते खोटं आहे हे परवापर्यंत एकट्या मला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी मी भांडगावहून लग्न होऊन या वस्तीवर आले तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती तुमची होती. सासरहून दोन वर्षांत परत आलेली, पुन्हा त्या वाटेला न गेलेली थोरली नणंद. माझ्या आईनं निघताना कानात सांगितलं होतं, "तिच्याशी जपून." तुम्ही सकाळच्या एसटीनं दौंडला जायच्या, तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरींना टायपिंग शिकवायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. पहिले सहा महिने आपण कामापुरतं बोललो. तुम्ही का परत आलात ते तुम्ही कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं. कदाचित तुम्ही वाट बघत असाल.

मग तो क्लास बंद पडला. जुने कॉम्प्युटर मालक भंगारात देणार होता, त्यातला एक तुम्ही मागून घेतलात. चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून आणलात. ह्यांनी अंगणातच विचारलं होतं, "आक्का, ह्या डबड्याचं काय करायचं?" तुम्ही म्हणालात, "जित्तं हाय अजून. आधी आत तर घेऊ दे."

जितं होतं, पण जेमतेम. चालू केलं की विंडोज उघडेपर्यंत माझी एक भाजी फोडणीला पडून शिजायची. अर्धा जीबी मेमरी, एवढंच त्याचं भांडवल. तुम्ही म्हणालात, ह्याच्यावरचं सगळं पुसायचं आणि हलकं लिनक्स टाकायचं. मला लिनक्स म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पेनड्राइव्हवरून ते घेईना, इतकं जुनं. नवी लिनक्सं तर असल्या जुन्या प्रोसेसरवर चालतच नाहीत म्हणे. तुम्ही चार दिवस मोबाइलवर शोधून, अजून चालणारं एक हुडकून काढलंत आणि ते सीडीवर उतरवायला आपण दोघी न्हावऱ्याच्या बाजारपेठेत हमीदमामांच्या दुकानात गेलो. मामा रेडिओ, टीव्ही, लग्नातले भोंगे दुरुस्त करायचे. सीडी लिहायचं यंत्र त्यांच्याकडं एकच उरलेलं, त्यावर धूळ.

"कोरी सीडी मागणारं गिऱ्हाईक लई वर्सांनी आलं," मामा म्हणाले. "काय घालताय, कव्वाली का कीर्तन?"

"औषध घालतोय, मामा," तुम्ही म्हणालात. "म्हातारं उठून बसावं म्हणून."

आणि उठून बसलं. त्या दिवशी तुम्ही हसलात ते मी पहिल्यांदा पाहिलं. पडद्यावर ना चित्र ना सजावट, कोपऱ्यात घड्याळ आणि मधे काळी चौकट. पण बटण दाबलं की भाकरी उलटायच्या आत तयार. मला वाटलं जादू केलीत. तुम्ही मला स्टुलावर बसवून समजावलंत.

"मेमरी म्हंजी सैपाकाचा ओटा. ह्याचा ओटा लहान हाय. एका टायमाला एकच पातेलं ठिवायचं. जास्त ठिवलं तर हे काय करतं, एकेक वस्तू वर माळ्यावर नेऊन ठिवतं, लागली की खाली आणतं, परत वर नेतं. मग नुसत्या खेपाच. हात चालू, सैपाक बंद."

"मग कळायचं कसं?"

"पुढचा लाल दिवा लुकलुकायचा थांबून नुसता पेटलेला राहिला, की समजायचं माळ्यावर खेपा चालू हायत. तवा कशालाच हात लावायचा न्हाई. वाट बघायची."

तेव्हापासून आपण मैत्रिणी झालो, आक्का. घरातल्या कुणाला कळलं नाही, पण झालो. दुपारी भांडी झाली की मी इथं यायचे. तुम्ही मला बोटं कुठं ठेवायची ते शिकवलंत, कमांड शिकवल्यात, माझी बारावी झालेली असूनही मी कधी कुठला फॉर्म स्वतः भरला नव्हता तो भरायला लावलात. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला मला तुम्हीच बसवलंत. "नवनाथला मी सांगते," म्हणालात, आणि तुमच्या धाकट्या भावाला असं सांगितलंत की त्यांना नाही म्हणायला जागा उरली नाही.

मग ते आलं.

आधी बाळूआप्पांचं कुत्रं गेलं. ओढ्यापलीकडच्या त्यांच्या वस्तीवर ते मेंढरांपाशी बांधलेलं असायचं. सकाळी नुसती साखळी पडलेली, पट्टा तसाच अडकवलेला. मग आपल्या बांधावर, पाणी दिलेल्या मातीत, बशीएवढे ठसे दिसले. आप्पांनी वाकून बघितलं आणि आपला गमजा डोक्याला परत बांधत म्हणाले, "बिबट्या हाय. आन् एकटा न्हाई. हे बघा, बारकं पाऊल." शिरूर तालुक्यात हे आता नवीन राहिलेलं नाही, सगळीकडं ऊस आणि उसात ते. पण आपल्या गोठ्यापासून तीस पावलांवर ठसे बघितले, त्या दिवसापासून मला उसाचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. वारा नसताना पाचट वाजलं की हातातलं काम थांबायचं.

वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावून गेली. नीट समजावूनही गेली. अंधार पडता एकट्यानं बाहेर पडू नका. वाकून, बसून काम करू नका, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटतो. पिंजऱ्यात बोकड ओरडत राहिलं, पण बिबट्या काही आत गेला नाही.

तुम्ही दोन दिवस विचार करत होतात. तिसऱ्या दिवशी क्लासमधनं आणलेला जुना वेबकॅम काढलात, या खोलीच्या मागच्या भिंतीवर पत्र्याखाली बसवलात. ऊस आणि ओढा यांच्यामधून आपल्या वस्तीत शिरायला एकच मोकळी वाट आहे, तिच्यावर रोखलात. तिथं खांबावर दिवा लावला. हालचाल टिपणारा एक बारकासा प्रोग्रॅम टाकलात. चित्रातली तेवढी वाट सोडून बाकी सगळं काळं केलंत, म्हणजे आपल्या येण्याजाण्यानं तो फसणार नाही. वाटेत काही हललं की फोटो निघायचा आणि हमीदमामांनी दिलेला लग्नातला भोंगा ठणाणा वाजायचा. काही हललं नाही तरी दर मिनिटाला एक फोटो निघायचा. "चालू हाय का न्हाई ते कळाया पायजे," तुम्ही म्हणालात.

तिसऱ्याच दिवशी फोटो आला. अर्धं अंग उसात, अर्धं बाहेर, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. ह्यांनी तो बघितला आणि डबडं म्हणायचं सोडून दिलं.

वस्तीवरची पाचही घरं त्या भोंग्यावर चालायला लागली. भोंगा वाजला की माणसं आत, जनावरं आत. वाजला नाही तर वाट मोकळी. बाळूआप्पा म्हणायचे, "सुमन, तुझं कुत्रं बेस. खात न्हाई, झोपत न्हाई." खरंच झोपत नव्हतं. तुम्ही मला एवढं एकच बजावलंत. कॅमेरा चालू असताना ब्राउझर उघडायचा नाही. कधीच नाही. वनखात्याला फोटो मेल करायचे असले तर सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात, आधी कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम बंद करून तुम्ही ब्राउझर उघडायच्या, काम झालं की पुन्हा कॅमेरा सुरू करायच्या. "आजची पानं लई जड असत्यात, वैशाली. एक पान उघडलं की सगळा ओटा भरतो."

मी तुमच्याशी भांडले. आठवतं ना? मी म्हणाले, हप्त्यावर नवीन घेऊ, कशाला एवढा जपायचा. तुम्ही म्हणालात, नवीन येईपर्यंत ते जनावर काय पिंजऱ्यात बसून ऱ्हाणार हाय का. फोटो व्हॉट्सॲपवर टाकू म्हणाले, तर तुम्ही ठाम नाही म्हणालात. "उद्या शंभर पोरं काठ्या घेऊन उसात घुसत्याल. बिथरलेलं जनावर कुणावर जाईल सांगता येत न्हाई. ते आपल्याच अंगावर यायचं." मला राग आला होता. एकदा तुम्ही भाकरी थापत असताना मी बोलूनही गेले, "तुम्हाला सगळं आपल्याच हातात ठेवायचं असतं." तुमचा हात परातीत थांबला. मग तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत. ते भांडण तसंच राहिलं. मी माफी मागितली नाही, आणि तुम्हीही तो विषय पुन्हा काढला नाही.

तुम्ही मात्र फोटोंच्या वेळा वहीत उतरवत होतात. एका दुपारी ती वही माझ्यापुढं धरलीत. पहिला फोटो पहाटे तीनचा. मग रात्री अकराचा. मग नऊ. मग साडेसात. मग पावणेसात.

"काय दिसतंय?" तुम्ही विचारलंत.

"अलीकडं येतंय."

"व्हय. दर बारीला अलीकडं. आपण कवा आत जातो ते त्याला कळाय लागलंय."

हौदाचा कॉक उघडून शेळ्यांना पाणी भरायचं काम तुम्ही सातला करायच्या, ते साडेसहावर आणलंत. मग सहावर. तुम्ही वेळ अलीकडं आणत गेलात आणि तेही आणत गेलं. हौद त्या वाटेपासून पन्नास पावलं. कॉक जमिनीलगत, उकिडवं बसल्याशिवाय फिरत नाही. मी म्हणाले, मी जाते. तुम्ही म्हणालात, "तू हितं भोंग्यापाशी बस. मला आवाज आला की मी चार उड्या मारून आत."

त्या संध्याकाळी सहाला पाच कमी होते. ह्यांची रांजणगावला कंपनीत दुसरी पाळी होती. आत्याबाई पडवीत लसूण सोलत होत्या. मी इथंच बसले होते. माझ्याबरोबर परीक्षेला बसलेल्या मुलीचा मेसेज आला, निकाल लागलाय. मी फोनवर बघायला गेले तर पान नुसतं पांढरं. पुन्हा बघितलं, पुन्हा पांढरं. मला वाटलं, आक्का पाणी भरून येतील तेव्हा त्यांच्या हातात निकाल ठेवावा. दोनच मिनिटं लागतील. बाहेर अजून उजेड आहे.

फोनवर उघडत नाही ते कॉम्प्युटरवर उघडेल म्हणून फोनचं नेट वायरनं त्याला जोडलं आणि ब्राउझर उघडला. कॅमेरा बंद केला नाही. बंद केला तर वाट कोण बघणार, असं मनाशी म्हणाले. म्हणजे नियम मला पाठ होता, आक्का. मी विसरले नव्हते.

बैठक क्रमांक टाकला. पान अर्धं उघडलं आणि थिजलं. माउस हलवला, बाण हलेना. खाली बघितलं तर लाल दिवा नुसता पेटलेला, लुकलुक नाही. डिस्कची घरघर सुरू झाली. खेपा चालू झाल्या होत्या. तुम्ही सांगितलं होतं, हात लावायचा नाही, वाट बघायची. मी वाट बघितली. कोपऱ्यातलं घड्याळ सहा वाजून पाच मिनिटांवर थांबलं होतं. बाहेरून तुमच्या बादलीची कडी वाजत गेली. मी पडद्याकडंच बघत होते.

मग शेळ्यांनी पाय आपटले. एकदाच, सगळ्यांनी मिळून. आणि गप्प झाल्या. एवढा गप्प गोठा मी कधी ऐकला नव्हता. डिस्कची घरघर तेवढी चालू.

मग ओढ्यापलीकडून बाळूआप्पांची आरोळी आली. "सुमे! ए सुमे!"

मी पळाले. आप्पा पत्रा बडवत ओढ्यातून येत होते. मी पोचले तेव्हा ते उसात गेलेलं, पाचट हलत होतं. कॉक उघडाच, पाणी हौदावरून वाहत तुमच्या पायाशी आलेलं. मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं, गळ्याला माझा पदर दाबून धरला. तुमचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडं बघत होते. तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले, आवाज आला नाही. आप्पांच्या पुतण्यानं पिकअप काढली. शिरूर यायच्या अलीकडंच माझ्या हातातला तुमचा हात एकाएकी जड झाला. मी आप्पांना सांगितलं नाही. दवाखान्यापर्यंत तसाच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्हाला घरी आणायच्या आधी, मी या खोलीत आले. कॉम्प्युटर आपला आपण सावरला होता. पान पूर्ण उघडलेलं. माझं नाव, बैठक क्रमांक आणि त्यापुढं उत्तीर्ण. मागं कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम पुन्हा इमानानं मिनिटाला एक फोटो काढत होता. मी आदल्या दिवसाचे फोटो उघडले. सहा वाजून चार. सहा वाजून पाच. त्यानंतर थेट सहा वाजून सतरा. मधले अकरा फोटो नाहीत. सतराच्या फोटोत वाट रिकामी आहे. कडेचं पाचट तेवढं पुसट आलंय, हलत असल्यासारखं.

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी भोंग्याबद्दल विचारलं. "यंत्र बंद पडलं होतं का?" साधा प्रश्न होता, ते लिहून घेत होते. घरचे सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "जुनं आहे साहेब."

एवढंच बोलले. खोटं एकही अक्षर नाही त्यात. पण त्या तीन शब्दांतून गावभर ते वाक्य पसरलं, भंगाराच्या भरवशावर राहिली. कॉम्प्युटर फसला नव्हता. तुम्ही फसला नव्हतात. तुम्ही त्याच्याकडून त्याला झेपेल तेवढंच काम घेत होतात आणि तो ते चुकवत नव्हता. पिकअपमध्ये तुमचं रक्त माझ्या साडीवर होतं आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो, कुणाला कळेल का. हे तुम्हाला आज सांगते.

असंच राहिलं असतं कदाचित. माणसं आयुष्यभर राहतात. पण परवा ऊसतोडीची टोळी आली. बारा कोयते, म्हणजे बारा जोडपी. ओढ्याच्या अलीकडं, हौदाच्या वरच्या अंगाला त्यांच्या कोप्या पडल्या. उसाच्या पाचटाच्याच भिंती, दाराच्या जागी गोणपाट. तोड पलीकडच्या टोकापासून सुरू झालीय, म्हणजे रोज थोडा थोडा ऊस कमी होणार आणि त्यात जे आहे ते रोज थोडं थोडं आपल्याकडं सरकणार. पिंजरा अजून रिकामाच आहे. त्या बायका पहाटे तोडीला जाताना लेकरांना उसाच्या सरीत झोळीत ठेवतात. मी मोजली नाहीत, पण एक तर अजून महिन्याचंही नसेल.

त्याच दिवशी दुपारी हे या खोलीत आले. भोंग्याची वायर उपटली, कॅमेऱ्याची उपटली. "आक्काला खाल्लं ह्यानं," म्हणाले. "न्हावऱ्याला भंगारवाल्याकडं टाकून येतो. डोळ्यासमोर नको." डबा उचलून दारापर्यंत नेला.

मी दारात आडवी उभी राहिले.

"नका नेऊ. त्यानं काही केलं नाही."

"बाजूला हो, वैशाली."

"मी केलं."

ते थांबले. मी सगळं सांगितलं. निकाल, ब्राउझर, लाल दिवा. मला वाटलं होतं की रडू येईल, आलं नाही. पाठ केलेलं म्हणावं तसं बोलत गेले. त्यांनी डबा हळूच खाली ठेवला, जसं त्यात दूध असावं, आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. बाहेर टोळीतल्या बायका पाण्याला आल्या होत्या, हौदापाशी त्यांचं हसणं चाललं होतं.

"किती येळ बंद हुतं?"

"अकरा-बारा मिनिटं."

मग त्यांनी खाली बघतच विचारलं, "आन् पास झालीस का?"

शिवी दिली असती, हात उगारला असता तर बरं झालं असतं. मी मान हलवली. ते उठले, तोंडावरून हात फिरवला, आणि डबा टेबलावर नेऊन ठेवला. वायरी कुठल्या कुठं लावायच्या ते त्यांना कळेना, मी पुढं होऊन लावल्या. आमची बोटं एकमेकांना लागली तर त्यांनी हात मागं घेतला. जाताना एवढंच म्हणाले, "आईला मी सांगीन. तू नको सांगूस." ते अजून सांगितलेलं नाही. माझ्याशी त्यानंतर बोललेही नाहीत. कामावर जातात, येतात, ताट पुढं ठेवलं की जेवतात.

पण काल सकाळी हमीदमामांकडं जाऊन अजून एक कॅमेरा घेऊन आले. कोप्यांच्या बाजूला खांब स्वतः पुरला. दोन कॅमेऱ्यांनी मेमरी पुरेल का याची मला धास्ती होती. फोटोंचा आकार कमी केला, पडद्यावरचं घड्याळ काढून टाकलं, नको ते सगळं बंद केलं. तुमच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेलं सापडलं, कशाला किती मेमरी लागते ते. त्यावरून बसवलं. पुरतंय. जेमतेम, पण पुरतंय. ब्राउझर मात्र मी मुळापासून काढून टाकला.

संध्याकाळी टोळीतल्या बायकांना इथं बोलावलं आणि भोंगा वाजवून दाखवला. त्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, "गावात म्हंत्यात, ह्यो वाजत न्हाई म्हणून बाई मेली हितली." सगळ्यांसमोर मी म्हणाले, "यंत्र चांगलं हाय. माझ्या चुकीनं त्या दिवशी वाजला न्हाई." आज ते गावात पोचलं असेल. उद्या आत्याबाईंपर्यंत पोचेल, ह्यांनी सांगायच्या आधीच. मग या घरात मला काय म्हणून राहायचं ते बघावं लागेल.

ऊस अजून अर्धा उभा आहे. कालच्या फोटोची वेळ पावणेसहाची आहे, आक्का. लख्ख उजेड आहे त्यात. ते वाटेच्या मधोमध उभं आहे आणि कोप्यांकडं बघतंय.

ह्यांना मी सगळं सांगितलं असं वर लिहिलं. ते खरं नाही. एक गोष्ट सांगितली नाही, कुणालाच सांगणार नाही. ती तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही बादली घेऊन या खिडकीखाली थांबला होतात. आत न बघता, रोजच्यासारखंच विचारलंत, "वैशाली, चालू हाय न्हवं?"

लाल दिवा माझ्यासमोर पेटलेला होता. मी म्हणाले, "व्हय आक्का. जावा तुम्ही."